हवेवर चालणारी बॅटरी, जमिनीवरचे प्रश्न

कानाला यंत्र लावणारे एखादे आजोबा किंवा आजी आता ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या बहुतेक इमारतींत सापडतात. त्या यंत्रात घालायचा सेल शर्टाच्या बटणाएवढा असतो आणि त्याच्या पाठीवर एक चिमुकली रंगीत पट्टी चिकटवलेली असते. आकारानुसार पिवळी, तपकिरी, नारिंगी किंवा निळी. ती पट्टी ओढून काढायची, सेल मिनिटभर तसाच ठेवायचा आणि मग यंत्रात बसवायचा, असा रिवाज आहे. पट्टी कशासाठी, असे नातवाने विचारले तर ‘सेल नवा आहे हे कळावे म्हणून’ असे काहीतरी सांगून मोठी माणसे सुटका करून घेतात. खरे उत्तर अधिक गमतीचे आहे. त्या पट्टीखाली बारीक भोके असतात. पट्टी निघाली की भोकांतून हवा आत शिरते आणि सेल कामाला लागतो. हा सेल अक्षरशः हवा खाऊन जगतो. पट्टी पुन्हा चिकटवून फारसा उपयोग होत नाही. एकदा सुरू झालेला श्वास थांबवता येत नाही आणि काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत, सेल संपतो.

या सेलचे नाव जस्त-हवा सेल. धातू आणि हवा यांच्या संयोगातून वीज देणाऱ्या बॅटऱ्यांच्या घराण्यातला हा सर्वांत लहान आणि आजवर बाजारात खऱ्या अर्थाने टिकलेला सभासद. त्याच्या थोरल्या भावंडांकडून, म्हणजे जस्त, ॲल्युमिनियम आणि लोखंड यांच्या मोठ्या हवा-बॅटऱ्यांकडून, जगाने गेली कित्येक वर्षे फार अपेक्षा ठेवल्या आहेत. त्या अपेक्षा कोठे अडल्या, त्यांचा आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीशी काय संबंध, आणि हा विषय केवळ शास्त्रज्ञांवर सोपवून का चालणार नाही, हे जरा सविस्तर पाहू.

लिथियमची काळजी

आधी हा प्रश्न आजच का, ते सांगायला हवे. आपल्या खिशातला मोबाइल, मुलांचा लॅपटॉप, सोसायटीच्या आवारात उभी असलेली विजेवरची स्कूटर ही सगळी लिथियम-आयन बॅटरीवर चालतात. ही बॅटरी उत्तम आहे, यात वाद नाही. पण तिचे दोन धाक आहेत. पहिला धाक आगीचा. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये विजेवरच्या स्कूटरींना देशभर लागलेल्या आगींच्या बातम्या आपण वाचल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईत रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचे एक मूल दगावले. लिथियम बॅटरीतला द्रव ज्वालाग्राही असतो. बनावट चांगली असेल, चार्जर योग्य असेल तर धोका फार कमी. पण आपल्याकडे स्वस्त माल आणि जुगाडू चार्जर यांची कमतरता कधीच नव्हती.

दुसरा धाक परावलंबनाचा. लिथियम शुद्ध करणे, त्यासाठी लागणारे ग्रॅफाइट तयार करणे, सेल बनवणे या सगळ्यांत चीनचे वर्चस्व आहे. डिसेंबर २०२३ पासून चीनने ग्रॅफाइटच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. जुलै २०२५ मध्ये बॅटरीच्या काही महत्त्वाच्या तंत्रज्ञानावरही निर्यात-निर्बंध आणले. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतील रियासीत ५९ लाख टन लिथियमचा अंदाज जाहीर झाला तेव्हा आपल्याकडे पेढे वाटायचेच बाकी होते. पण जमिनीखालचा अंदाज आणि बॅटरीत भरलेले लिथियम यांत बरीच वर्षे आणि बराच पैसा असतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये देशात आधुनिक सेल बनावेत म्हणून १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली. कारखाना देशी झाला तरी कच्चा माल परदेशी राहिला तर चिंता केवळ एक पायरी खाली सरकते.

म्हणून ज्या धातूंची आपल्याला ओळख आहे, ते वापरून बॅटरी करता येईल का, हा प्रश्न जगभर विचारला जातो. जस्ताशी तर आपले नाते जुनेच आहे. राजस्थानातील झावर येथे हजार वर्षांपूर्वी जस्ताचे ऊर्ध्वपातन होत असे, आणि आजही देशातले बहुतेक जस्त राजस्थानातच निघते. ॲल्युमिनियम आणि लोखंड यांची तर आपल्याला वाणच नाही. आणि हवा? ती कोणत्याही देशाला अडवून धरता येत नाही.

हवेची उधारी

प्रत्येक बॅटरीत दोन पक्ष असतात. एक इलेक्ट्रॉन देणारा, दुसरा घेणारा. दोघांना थेट भेटू न देता मधल्या तारेतून व्यवहार करायला लावले की आपल्याला वीज मिळते. या दोन पक्षांच्या टोकांना इलेक्ट्रोड म्हणतात. लहानपणी टॉर्चचा संपलेला सेल ज्यांनी दगडाने फोडला असेल त्यांना बाहेरचे जस्ताचे डबडे, आतला काळा भुगा आणि मधली कोळशाची कांडी आठवेल. जस्त हा देणारा. काळा भुगा, म्हणजे मँगनीज डायऑक्साइड, हा घेणारा. हा भुगा सेलची बरीचशी जागा आणि बरेचसे वजन खातो.

हवेच्या बॅटरीत घेणारा पक्ष आतमध्ये ठेवलेलाच नसतो. ते काम हवेतला ऑक्सिजन करतो. बँकेत लघुउद्योगांची कर्जप्रकरणे तपासण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली त्याला हे चित्र लगेच ओळखीचे वाटते. हा असा दुकानदार आहे की ज्याने निम्मा माल गोदामात भरलेलाच नाही. गिऱ्हाईक आले की तो शेजारच्या बाजारातून आणून देतो. गोदामाचे भाडे नाही, भांडवल अडकलेले नाही. त्यामुळे त्याच वजनात कितीतरी अधिक वीज साठते. एक किलो लिथियम-आयन सेलमध्ये साधारण १५० ते २५० वॉट-तास ऊर्जा मावते. जस्त आणि हवा यांच्या संयोगातून किलोमागे हजार वॉट-तासांहून अधिक ऊर्जा मिळू शकते, असे कागदावरचे गणित सांगते. प्रत्यक्षात त्याच्या निम्मीदेखील हाती येत नाही. पण कानातल्या बटणाने आठवडाभर जागे राहावे, एवढी ती नक्कीच असते. शिवाय आतला द्रव पाण्यात कालवलेला पोटॅश. तो कातडी भाजतो, पण पेट घेत नाही.

कल्पना नवीन नाही. १८७८ साली फ्रान्समध्ये मेश नावाच्या संशोधकाने कोळशाला प्लॅटिनमचा मुलामा देऊन हवेतला ऑक्सिजन सेलमध्ये वापरून दाखवला. १९३० च्या दशकात अमेरिकेत मोठे जस्त-हवा सेल रेल्वेच्या सिग्नलसाठी वापरले जाऊ लागले. कारण सिग्नलला वीज थोडी लागते पण महिनोन्महिने लागते, आणि आडवळणी खांबापर्यंत तार नेणे परवडत नाही. मग जी गोष्ट दीडशे वर्षे माहीत आहे, ती आपल्या स्कूटरीत अजून का नाही?

वाटप सोपे, वसुली अवघड

सगळी मेख हवेकडच्या इलेक्ट्रोडमध्ये आहे. या एका पातळ पापुद्र्याकडून आपण परस्परविरोधी गोष्टी मागतो. त्यातून हवा आत यायला हवी, पण द्रव बाहेर झिरपता कामा नये. तो सच्छिद्र हवा, पण वीज वाहून नेणाराही हवा. हवा, द्रव आणि घन या तिघांची भेट जिथे एकाच बिंदूवर होते तिथेच रासायनिक क्रिया घडते. असे अब्जावधी सूक्ष्म बिंदू त्या पापुद्र्यात तयार करावे लागतात. भोके द्रवाने भरली तर हवा कोंडते. द्रव वाळला तर क्रिया थांबते. आपल्या जुलै महिन्यातली दमट हवा आणि एप्रिलमधली रखरख, दोन्ही त्याला सोसायला हव्यात. त्यातच हवेत थोडासा कार्बन डायऑक्साइड असतो. तो पोटॅशशी मिळून क्षार बनवतो आणि ते क्षार भोके बुजवतात. नळाच्या तोटीवर क्षार चढतात, तसाच हा प्रकार.

हा पापुद्रा कसा बनवतात ते ऐकले तर गृहिणींना हसू येईल. कोळशाची अतिसूक्ष्म पूड, उत्प्रेरक आणि टेफ्लॉन एकत्र मळायचे, पोळीसारखे लाटायचे, निकेलच्या जाळीवर दाबायचे आणि भट्टीत तापवायचे. टेफ्लॉन तेच, जे न चिकटणाऱ्या तव्यावर असते. इथे ते पाणी दूर ठेवते. पण पोळी जाड झाली तर हवा जात नाही, पातळ झाली तर गळते. प्रयोगशाळेत हातभर तुकडा करणे निराळे आणि पहिल्यासारखा हजारावा तुकडा करणे निराळे.

उत्प्रेरक ही दुसरी अडचण. ऑक्सिजन स्वभावाने आळशी आहे. त्याला कामाला लावायला उत्प्रेरक लागतो. प्लॅटिनम उत्तम, पण त्याचा भाव ऐकून स्कूटरचे गिऱ्हाईक पळून जाईल. म्हणून चांदी, मँगनीज, कोबाल्ट, निकेल यांची संयुगे, आणि अलीकडे लोखंड व नायट्रोजन कोळशात गुंफून केलेले उत्प्रेरक, अशी शोधाशोध चालू आहे.

आणि तिसरी अडचण खरी मोठी. आतापर्यंत बोललो ते वीज घेण्याबद्दल. ती परत भरायची कशी? कर्ज वाटणे सोपे, वसुली अवघड, हे बँकेतला शिपाईसुद्धा सांगेल. इथेही तसेच आहे. चार्जिंग करताना तीच क्रिया उलटी चालते. ज्या पापुद्र्याने ऑक्सिजन आत घेतला त्यानेच तो बाहेर सोडायचा. एका कामाला चांगला असलेला उत्प्रेरक दुसऱ्याला बहुधा कुचकामी ठरतो. चार्जिंगच्या जादा दाबाखाली कोळसा स्वतःच जळू लागतो. पलीकडे जस्त परत बसताना मूळ जागी सपाट बसत नाही. सुयांसारखे वाढते आणि एखादी सुई पार पलीकडे पोहोचली की सेल मेला. शिवाय वीज मिळते साधारण सव्वा व्होल्टने आणि भरावी लागते दोन व्होल्टच्या आसपास. म्हणजे शंभर रुपये भरले तर साठ हातात. लिथियम बॅटरी नव्वदहून अधिक परत देते. या व्यवहाराला शहाणा माणूस लगेच सही करणार नाही.

१९९० च्या दशकात जर्मनीच्या टपाल खात्याने जस्त-हवा बॅटरीवरच्या गाड्या चालवून पाहिल्या. त्यांनी चार्जिंगचा प्रश्न बाजूला ठेवून वापरलेले जस्त काढून नवे बसवण्याची युक्ती केली. गाड्या लांब पल्ला धावल्या, पण जस्त बदलण्याचा आणि पुन्हा शुद्ध करण्याचा सगळा संसार उभा करणे परवडेना. प्रयोग थांबला.

ॲल्युमिनियमचेही थोडेफार असेच आहे. इंडियन ऑइलने २०२० मध्ये इस्रायलच्या फिनर्जी या कंपनीत भाग घेतला आणि पुढच्या वर्षी दोघांची संयुक्त कंपनी झाली. २०२३ मध्ये हिंडाल्कोशीही करार झाला. ॲल्युमिनियमची पट्टी संपली की नवी घालायची, अशी कल्पना. जाहिरातीत हे फार आकर्षक वाटते. पण जमाखर्च मांडून पाहा. एक किलो ॲल्युमिनियम गाळायला तेरा-चौदा युनिट वीज लागते. त्या किलोतून तत्त्वतः आठ युनिट परत मिळावीत; प्रत्यक्षात ढोबळमानाने चारच्या आसपास मिळतात. उरलेला चुरा पुन्हा कारखान्यात न्यायचा. म्हणजे ही बॅटरी रोजच्या वापराची नव्हे. अडीअडचणीला लागणाऱ्या मुदत ठेवीसारखी आहे. मोडली की संपली, पण वेळेला उपयोगी पडते.

अडीअडचण आपल्याला नवी नाही

आणि अडीअडचण म्हटली की आपला हा पट्टा आठवतोच. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीकाठची वस्ती अंधारात आणि पाण्यात होती. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणी-बदलापूर दरम्यान पुरात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बोटींतून काढावे लागले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघे भागातल्या उच्चदाब वाहिन्यांतील बिघाडाने मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली. करोनाच्या त्या दिवसांत रुग्णालयांनी डिझेल जनित्रांवर वेळ निभावली. अशा वेळेसाठी कोरडी ठेवलेली, वर्षानुवर्षे न उतरणारी, पाणी घातले की जागी होणारी, पेट न घेणारी राखीव बॅटरी ही चैन नव्हे. इथे शंभरातले साठ परत मिळतात की चाळीस, हा प्रश्न गौण ठरतो.

लोखंड-हवा बॅटरीचे स्थान आणखी निराळे. ती जड, बोजड आणि चार्जिंगमध्ये बरीच वीज वाया घालवणारी आहे. पण लोखंड स्वस्त असते, आणि जमिनीवर बसवायच्या साठ्याला वजनाचे सोयरसुतक नसते. दुपारी सौर विजेचा पूर आणि संध्याकाळी टंचाई, हा खेळ आता महाराष्ट्रातही सुरू झाला आहे. अमेरिकेत फॉर्म एनर्जी नावाची कंपनी शंभर तास वीज पुरवणारी लोखंड-हवा बॅटरी करते. तिने आपला कारखाना कोठे काढला, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात वीर्टन नावाचे पोलादाचे गाव आहे. तिथली गिरणी १९८४ मध्ये कामगारांनीच विकत घेतली होती. २००३ मध्ये तिचे दिवाळे निघाले. त्या जुन्या गिरणीच्या जागेवर आता बॅटरीचा कारखाना उभा राहिला आहे. लोखंड हाताळणाऱ्या गावाने पुन्हा लोखंडच हाताळायचे, फक्त निराळ्या रीतीने.

अंबरनाथची प्रयोगशाळा

आता आपल्या दाराशी येऊ. अंबरनाथ म्हटले की १०६० सालचे शिवमंदिर आठवते, जुन्या माणसांना विम्कोच्या काड्यापेट्या आठवतात, धरमसी मोरारजीचा रासायनिक कारखाना आठवतो. तिथेच नौदलाच्या साहित्यावर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे, हे मात्र लोकलने रोज पुढून जाणाऱ्यांनाही ठाऊक नसते. मुंबईच्या नौदल गोदीत १९५३ मध्ये सुरू झालेली ही संस्था पुढे संरक्षण संशोधन संघटनेत आली आणि अंबरनाथला स्थिरावली.

या प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी इंधन-घट तयार केला. डिझेल-विद्युत पाणबुडीला बॅटऱ्या चार्ज करायला ठरावीक काळाने पृष्ठभागाजवळ येऊन हवा घ्यावी लागते, आणि तेव्हाच ती शत्रूच्या नजरेस पडते. इंधन-घट असेल तर तिला कितीतरी जास्त काळ खाली राहता येते. अंबरनाथच्या घटात हायड्रोजन पाणबुडीतच तयार होतो आणि साठवलेला ऑक्सिजन दुसऱ्या बाजूने येतो. ८ मार्च २०२१ रोजी या यंत्रणेची जमिनीवरील चाचणी यशस्वी झाली. लार्सन अँड टुब्रो आणि पुण्याची थरमॅक्स या कंपन्या त्यात सहभागी होत्या. ३० डिसेंबर २०२४ रोजी ती पाणबुडीत बसवण्याच्या कामासाठी माझगाव गोदीशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार झाला.

याचा बॅटरीशी संबंध काय? तर या घटात ऑक्सिजन घेणारा जो इलेक्ट्रोड आहे, तो आपल्या हवा-बॅटरीच्या पापुद्र्याचा सख्खा चुलतभाऊ आहे. तोच सच्छिद्र कोळसा, तेच टेफ्लॉन, हवा-द्रव-घन यांची तीच तिहेरी भेट. द्रव निराळा आणि उत्प्रेरक महागडा, एवढाच मुख्य फरक. म्हणजे जगाला छळणारी जी विद्या आहे, तिच्या फार जवळची विद्या कल्याणपासून दोन-तीन स्टेशनांवर साध्य झाली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत श्रीकुमार कुरुंगोट यांचा गट अशाच ऑक्सिजन-उत्प्रेरकांवर आणि जस्त-हवा सेलवर काम करतो. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथे ‘मॉइल’ ही सरकारी कंपनी मँगनीजचे खनिज काढते आणि तिथेच बॅटरीच्या दर्जाचा मँगनीज डायऑक्साइडही बनवते. माल आहे, विद्या आहे. मग काय नाही?

शेड गेल्या, मनोरे आले

मधला दुवा नाही. प्रयोगशाळेतला हातभर तुकडा आणि कारखान्यातली हजारो तुकड्यांची रास यांच्यामध्ये एक माणूस लागतो. मशीनचा आवाज ऐकून रोलर किती घट्ट करायचा ते ओळखणारा, चार वेळा माल फुकट गेला तरी पाचव्यांदा मळायला बसणारा लहान कारखानदार. हा माणूस ठाणे जिल्ह्यात मुबलक होता. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने आपली पहिली वसाहत काढली ती ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. मागोमाग डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर. दोन लेथ आणि एक प्रेस घेऊन शेडमध्ये उभा राहिलेला मराठी, गुजराती, दाक्षिणात्य उद्योजक मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवीत असे. आज वागळे इस्टेटमध्ये काचेच्या इमारती आहेत. कल्याण-शीळ रस्त्यावर जिथे प्रीमियरची मोटार बनत असे, तिथे गृहसंकुले आहेत. त्यांत राहणारी मुले सकाळी सव्वासातची लोकल पकडून दुसऱ्यांच्या यंत्रांसाठी आज्ञावली लिहायला जातात.

यात लोकांचा दोष नाही. डोंबिवलीकराने कारखान्यांवर माया का करावी? २६ मे २०१६ चा प्रोबेसचा स्फोट आणि २३ मे २०२४ चा अमुदानचा स्फोट, दोन्ही वेळा दहाहून अधिक माणसे गेली, आजूबाजूच्या घरांच्या काचा फुटल्या. २०२० च्या फेब्रुवारीत प्रदूषणाने रस्ता गुलाबी झाला तेव्हा मुख्यमंत्र्यांना स्वतः येऊन पाहावे लागले. कारखाने हलवा, ही मागणी त्या भीतीतून आली आहे आणि ती खोटी नाही. पण ‘कारखाना’ या एका शब्दात आपण सगळ्यांना एकाच पिंजऱ्यात उभे करतो. स्फोटक रसायने उकळणारी भट्टी आणि कोळशाची पोळी लाटणारी शेड यांचा धोका सारखा नाही. पोटॅश जपून हाताळावा लागतो, धातूची पूड फुप्फुसांत जाऊ न देण्याची व्यवस्था लागते, वापरलेले जस्त गोळा करण्याची शिस्त लागते. पण वस्तीच्या शेजारी चालू शकेल असा हा उद्योग आहे. धोक्याची वर्गवारी करून, तपासणी प्रामाणिक ठेवून निवड करायची, की एकदाची सगळी जमीन बिल्डरला देऊन मोकळे व्हायचे, हा निर्णय येत्या काही वर्षांत होणार आहे. तो झाल्यावर चर्चा करून उपयोग नाही. मनोरा पाडून शेड कोणी बांधत नाही.

पैसा कोणाचा, जोखीम कोणाची

उरला पैशाचा प्रश्न. लहान कारखान्याला खेळते भांडवल देण्याचे बँकांचे सूत्र १९९० च्या दशकात नायक समितीने सोपे करून दिले: अपेक्षित वार्षिक विक्रीच्या वीस टक्के. सूत्र चांगलेच आहे. पण ज्याची विक्री अजून सुरूच झालेली नाही, ज्याला दोन वर्षे नुसता माल बिघडवत शिकायचे आहे, त्याच्या शून्याचे वीस टक्के शून्यच होतात. तारणाशिवाय कर्ज देता यावे म्हणून २००० साली हमी योजना आली. तरी शाखेतला अधिकारी विचारतो, ‘शेड स्वतःची आहे का?’ कारण यंत्र बुडाले तरी जमिनीचा भाव बुडत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. थोडक्यात, आपली पतव्यवस्थाही उद्योजकाला न बोलता सांगते, की बाबा रे, पापुद्रे लाटण्यापेक्षा शेड विकलेली बरी. अधिकाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ठेवीदाराचा पैसा प्रयोगावर लावायचा नसतो. त्यासाठी निराळा पैसा लागतो.

तो निराळा पैसा आता कागदावर आला आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने संशोधन आणि नवनिर्मितीसाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. प्रयोगशाळेतून बाजारापर्यंतचा मधला टप्पा ओलांडायला खासगी क्षेत्राला दीर्घ मुदतीचा, कमी व्याजाचा पैसा द्यावा, हा तिचा हेतू. प्रश्न एवढाच, की तो पैसा मोठ्या उद्योगसमूहांच्या दारात थांबेल, की अंबरनाथच्या शेडपर्यंत पोहोचेल. तो पोहोचवायचा असेल तर मोठे काही करायला नको. अंबरनाथ किंवा डोंबिवलीच्या वसाहतीत एक सामाईक केंद्र काढावे. मळण्याची, लाटण्याची, भट्टीची आणि चाचणीची यंत्रे तिथे असावीत आणि लहान उद्योजकाने ती तासाच्या भाड्याने वापरावीत. लष्करी गुपिताला धक्का न लावता अंबरनाथच्या शास्त्रज्ञांनी तिथे शिकवावे.

आणि पहिले गिऱ्हाईक सरकारने व्हावे. इथे स्कूटरची स्वप्ने बाजूला ठेवावीत. कानाच्या सेलचे पाकीट उलटून पाहा. बहुधा जर्मनीत किंवा इंग्लंडात बनवल्याचे छापलेले असेल. ज्या वस्तूला चार्जिंग लागत नाही, जिची कृती जगाला पन्नास वर्षे ठाऊक आहे आणि जी आपल्या ज्येष्ठांना दर आठवड्याला लागते, ती आपण का आणावी? नव्या महागड्या यंत्रांत चार्जिंगची बॅटरी येऊ लागली आहे हे खरे. पण साधे यंत्र घेणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. तिथून सुरुवात करावी. मग पूरग्रस्त भागातल्या पालिकांसाठी राखीव दिवे आणि बिनतारी संचाचे सेल. मग रुग्णालयांची आणि दूरसंचार मनोऱ्यांची राखीव वीज. हात बसला, पापुद्रा हजारदा सारखा निघू लागला, की परत भरता येणाऱ्या बॅटरीचे अवघड गणित सोडवायला बसता येईल. बटण जमत नसेल तर मोटार जमणार नाही.

धातू-हवा बॅटरी लिथियमची जागा घेईल, अशी भविष्यवाणी करण्यात हशील नाही. ती कदाचित काही कोपऱ्यांतच राहील. पण कोणत्या तरी बॅटरीचा कोणता तरी इलेक्ट्रोड उद्या कोठेतरी बनणार आहे, एवढे नक्की. तो बनवणारे हात एका दिवसात तयार होत नाहीत. बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून उमेदवाराकडे, शेडमधल्या घामातून ते तयार होतात. ठाणे जिल्ह्याने असे हात तीन पिढ्या घडवले. त्यांतले काही अजून शाबूत आहेत, त्यांच्या वसाहती अजून अर्ध्यामुर्ध्या उभ्या आहेत, आणि त्यांना शिकवू शकेल अशी प्रयोगशाळा अजून अंबरनाथला आहे. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी आणखी किती वर्षे टिकतील, याचा हिशेब आपल्या लोकप्रतिनिधींना येत्या निवडणुकीत विचारायला हरकत नाही. रस्ते आणि पाणी यांच्याइतकाच तोही या गावाच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.